केशवाकडे घेतलेले पान

त्र्यंबक, मंगळवारी पहाटे, कल्याण येथे, राहत्या घरी, नवज्वराने तुझा अंत झाला. निरोप घेऊन तुझा डोंबिवलीचा मेहुणा सकाळच्या गाडीने स्वतःच ठाण्यास आला, कारण पाठवायला दुसरे कोणी नव्हते. मी छापखान्यात मुद्रिते तपासत बसलो होतो. त्याने दारातूनच सांगितले. मी हातातला स्तंभ शेवटपर्यंत तपासला, एक काना सुधारला, कागद खिळे जुळवणाऱ्याकडे दिला आणि मग अंगरखा चढवला. असे का केले ते सांगता येत नाही. तसे झाले एवढे खरे.

या आठवड्याच्या अंकात तुझ्याविषयी चार ओळी आल्या आहेत. हुद्दा, घराणे, स्वभाव मनमिळाऊ, मागे पत्नी. त्या ओळी मीच लिहिल्या आणि त्यांत खोटे काही नाही. जे तिथे मावले नाही ते इथे लिहितो आहे.

गाडीत मेहुणा एकदाच बोलला. म्हणाला, "चौघं कुठून आणायचे?" मी म्हटले, आपण दोघे आहोत. त्यानंतर कल्याण येईपर्यंत तो खिडकीबाहेर खाडी पाहत राहिला.

तुझ्या घरासमोर कोणी नव्हते. कल्याणात एखाद्याच्या घरी असे काही झाले की ओट्यावर माणसे बसायला जागा उरत नाही, हे तू आणि मी लहानपणापासून पाहिले आहे. तुझा ओटा स्वच्छ झाडलेला होता आणि रिकामा होता. शेजारची दारे लोटलेली होती. वर्षभर तुझ्यावर ग्रामण्य होते. न्हावी येत नव्हता, भटजी येत नव्हते, तुझ्या बायकोला, उमावहिनींना, कोणी हळदीकुंकवाला बोलावत नव्हते. हे मला ठाऊक होते. मी ते छापलेही होते. पण बहिष्कार मेलेल्या माणसालाही लागू राहतो याचा विचार मी तोवर केला नव्हता. तू केला होतास, असे उमावहिनी म्हणतात. तापात तू त्यांना म्हणाला होतास, "मला न्यायला कोणी आलं नाही तर गाडी सांग. आमच्या कचेरीचा खटारा मजबूत आहे."

हे सगळे केशवामुळे झाले असे लोक म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. पण सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते.

आपण तिघे ठाण्याच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे सरकारने अंबरनाथच्या जुन्या देवळाची मापे घ्यायला माणसे पाठवली, तेव्हा नकाशनवीस म्हणून तुझी नेमणूक झाली आणि तू केशवाला साखळी धरायला घेतलेस. मी सुटीच्या दिवशी तुमची शिदोरी घेऊन यायचो आणि नंदीजवळच्या सावलीत पडून राहायचो. केशव शिखराच्या कोनाड्यात चढून माप ओरडायचा, तू खाली लिहून घ्यायचास, आणि एखादा आकडा जुळला नाही की दोघे एकमेकांचे बाप काढायचात. त्याने वरून एकदा विचारले होते, हे बांधणाऱ्यांनी मापे कशाने घेतली असतील. तू म्हणालास, "तुझ्यासारख्या माकडानं." देवळात तेव्हा वटवाघळे होती आणि दगड पावसाने काळे पडले होते. तुझ्या हातच्या नकाशात मात्र एकेका मूर्तीची बोटे मोजता येत.

केशव नंतर एका इंजिनेर साहेबाबरोबर सिंहलद्वीपात गेला. तिथे आगगाडीचे काम चालू होते. दोन वर्षांत येतो म्हणाला होता. त्याने कोलंबोत घर केले आणि तिथल्याच एका तमिळ बाईशी लग्न लावले. बातमी कल्याणात पोचली तेव्हा त्याचे वडील हयात नव्हते. घरचे कर्ते काका, दाजीबा, यांनी घटस्फोट करविला; नवराबायकोचा नव्हे, जातीतून काढण्याचा. जिवंत माणसाच्या नावाने पाण्याने भरलेले मडके लवंडायचे, स्नान करायचे आणि घरी यायचे. त्या दिवसापासून तो मेला. त्याच्या आईने, आपल्या गोदाकाकूंनी, तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या काळ्या तलावावरच्या देवळात गेल्या. त्यानंतर त्यांच्यासमोर केशवाचे नाव कोणी घेतले नाही. आपणही नाही.

तू त्याला भेटायला का गेलास हे मी तुला दोनदा विचारले. पहिल्यांदा तू म्हणालास की अनुराधपुराचे जुने स्तूप मोकळे करताहेत असे वाचले, ते पाहायचे आहेत. दुसऱ्यांदा म्हणालास की केशवाला पाहायचे आहे. दोन्ही खरे असावे. तुझ्या बाबतीत इमारत आणि माणूस वेगळे काढणे मला कधी जमले नाही.

परत आल्यावर तू पहिला रविवार माझ्याकडे ठाण्यास काढलास. तळ्याला वळसा घालून खोपटाच्या बाजूच्या शेतांपर्यंत आपण चाललो आणि सारा वेळ तूच बोललास. मद्रासपर्यंत गाडी, पुढे तुतिकोरीन, तिथून एका रात्रीची आगबोट. बोटीत ओकून ओकून तुझे आतडे बाहेर यायचे राहिले होते. कोलंबोच्या धक्क्यावर एक टक्कल पडलेला, पोट सुटलेला गृहस्थ उभा होता. तू त्याला ओळखले नाहीस. त्याने तुला पाहून कल्याणच्या बंदरावर देतात तशी हाक दिली आणि म्हणाला, "साखळी आणलीस का रे?"

मग मातळेपर्यंत गाडी आणि पुढे बैलगाडीने रानातून अनुराधपूर. लांबून टेकडी दिसते, तिच्यावर झाडे असतात, माकडे असतात. जवळ गेले की कळते, सगळी वीट आहे. तू हे सांगताना रस्त्यात थांबलास. एवढ्या विटा कोणत्या भट्टीत भाजल्या असतील, असे मलाच विचारू लागलास. तिथल्या जुन्या मठांच्या पायऱ्यांपुढे अर्धचंद्राच्या आकाराचा एक दगड असतो. त्याच्यावर ओळीने हत्ती, घोडे, सिंह आणि बैल कोरलेले असतात आणि आत कमळ. तू आणि केशव त्या दगडावर पालथे पडून मापे घेत राहिलात, तिथल्या भिक्षूने येऊन तुम्हाला पाणी पाजेपर्यंत.

पुढे पोलोन्नरूवला गेलात, ती नंतरची राजधानी. तिथे तसेच दगड होते, पण बैल नव्हता. शोधूनही सापडला नाही. तिथे शिवाचे एक दगडी देऊळ रानात उभे आहे, तमिळ राजांनी बांधलेले. तुझे म्हणणे पडले की त्यांच्या सहवासाने शिल्पी बदलले. नंदीवर पाय पडू नये म्हणून पायरीवरून बैल काढून टाकला. केशवाचे म्हणणे की नवीन कारागीर आळशी होते, एक जनावर कमी केले. यावर तुमचे दोन दिवस भांडण झाले. "अजून मिटलेलं नाही," असे तू मला समाधानाने सांगितलेस.

समुद्र ओलांडल्याबद्दल तुझ्यावर जातीची सभा भरली ती त्याच पंधरवड्यात. मी बातमीदार म्हणून हजर होतो. तू मधोमध बसला होतास आणि मी खांबाशी. आपण एकमेकांकडे पाहिले नाही.

मी आजवर पाहिलेल्या सभांत इतके हशे कधी झाले नव्हते, हे तुला आठवत असेल. प्रश्न होता, लंका परदेश होय की नव्हे. एकाने म्हटले, रामेश्वरचे यात्रेकरू पांबनला होडीने खारे पाणी ओलांडतात, त्यांना कोणी प्रायश्चित्त देत नाही. दुसरा म्हणाला, रामाने सेतू बांधला, तो नावेत बसला नाही. तिसऱ्याने मारुतीचे उड्डाण काढले. अण्णाशास्त्री अध्यक्षस्थानी होते. ते म्हणाले, "आणि परत येताना सगळे विमानातून आले. म्हणजे समुद्राला कोणाचाच पाय लागला नाही. आता या त्र्यंबकाला विमान कुठून मिळायचं?" कोणीतरी विचारले, रामाने परतल्यावर प्रायश्चित्त घेतले होते काय. शास्त्रीबुवा म्हणाले, "अयोध्येला माणूस पाठवा आणि विचारून घ्या."

सगळ्यांना तुला सोडायचे होते. हे मी तेव्हाही लिहिले आणि आताही लिहितो. शास्त्रीबुवांनी वाट काढली: येताना रामेश्वरी स्नान झाले आहे, ते पुरे. तू मान डोलावलीस. मग त्यांनी तुझ्या तोंडात उत्तर ठेवावे तसे विचारले, "शिधा तुझा तूच नेला होतास ना?"

"नेला होता," तू म्हणालास.

"मग झालं."

ते खरोखर झाले होते. माणसे उपरणी सावरू लागली होती. तेवढ्यात केशवाचे काका दाजीबा म्हणाले, "नेला होता. पण शिजवला का?"

तू "होय" म्हणाला असतास तर विषय तिथे संपला असता. पुढे कोणी विचारले नसते, कोलंबोला जाऊन पाहून येणारे कल्याणात कोणी नव्हते. तू दाजीबांकडे वळलास आणि म्हणालास, "नाही. तसाच परत आणला. मी केशवाकडे पान घेतलं. त्याच्या बायकोच्या हातचं जेवलो."

शास्त्रीबुवांनी तरीही दार उघडे ठेवले. विचारले, "एकदा?"

"जितके दिवस होतो तितके दिवस."

निर्णय असा झाला की तू मोठे प्रायश्चित्त घ्यावेस आणि सभेपुढे म्हणावेस, हे अजाणता घडले. प्रायश्चित्ताला तू तयार होतास. ते वाक्य म्हणायला नव्हतास. ग्रामण्य एवढ्याच वाक्यासाठी झाले, आणि ते वाक्य म्हटले की ते उठणार होते.

आपले भांडण तिथून सुरू झाले आणि मिटलेले नाही. माझे म्हणणे मी पुन्हा मांडतो, कारण आता तू मध्ये बोलणार नाहीस. मी म्हणत होतो की हा एक विधी आहे. विधीत माणूस बरेच काही म्हणतो. लग्नात म्हणतो, श्राद्धात म्हणतो, अर्थ न कळता म्हणतो. उमावहिनींनी या एका शब्दापायी वाळीत का राहावे? तू म्हणायचास, "तू पत्रात काय छापशील?" मी म्हणायचो, जे सभेत झाले ते. "म्हणजे त्र्यंबकराव अजाणता जेवले, असं?" होय, असं. "मग ते खोटं तुझ्या पत्रात येईल आणि बोलणारा मी असेन. खाडीत जा तुझ्या पत्रासकट."

एकदा मी रागाने म्हटले की जिथे केशवाला स्वतःला काही फरक पडत नाही, तिथे तुझा हट्ट कोणासाठी आहे. तो तर कोलंबोत सुखाने भात खातो आहे. तू उत्तर दिले नाहीस. तुझ्याकडे उत्तर नाही असे मी धरले. बातमीत असेच धरतात. तू दुसरा विषय काढलास: अंबरनाथच्या देवळाच्या पायरीपुढे काही कोरलेले होते का, मला आठवते का. मला आठवत नव्हते.

माघात मी शेवटचा आलो होतो, तेव्हा ताप नव्हता. तू अनुराधपुराच्या दगडाचा नकाशा शाईने उतरवत होतास. हत्तींची रांग झाली होती. मी पुन्हा तोच विषय काढला आणि तू म्हणालास, "आज नको. आज हात स्थिर आहे." मी बसून राहिलो. उमावहिनींनी ताक दिले. मी परतताना तू दारापर्यंत आला नाहीस, मान वर न करता हात हलवलास.

मंगळवारचे राहिलेले लिहितो.

खांद्याला चौघे मिळाले. मी, तुझा मेहुणा आणि तुझ्या कचेरीतले दोघे. ते जातीने प्रभू. ब्राह्मणाच्या तिरडीला त्यांनी खांदा द्यावा की नाही यावर त्यांच्याही घरी आता बोलणे होईल, असे त्यांतला एक मला वाटेत म्हणाला. मग त्याने खांदा बदलला. बंदरावर कोपरचा एक आगरी होता. त्याच्या मिठागराच्या बांधांची मापे तू घेतली होतीस. त्याने आमच्याकडे पाहिले, मागे कोणी नाही हे पाहिले, आणि होडीतून लाकडे उतरवू लागला. मेहुणा त्याला काही समजावू लागला तेव्हा तो म्हणाला, "तुमचे जातीचा तुमी बघा. लाकरा आमी आनताव."

अग्नी मेहुण्याने दिला. मंत्र म्हणायला कोणी आले नव्हते. पण खाडीच्या काठाला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, अण्णाशास्त्री पाण्याकडे तोंड करून उभे होते. ते काहीतरी म्हणत होते आणि वारा आमच्याकडे होता. मी ऐकले ते अंत्येष्टीचे मंत्र होते. नंतर मी त्यांना वाटेत गाठून विचारले तेव्हा ते म्हणाले, "मी माझी माध्यान्हसंध्या करत होतो." दोन्ही इथे नोंदवून ठेवतो.

मला रडू आले नाही. चिता पेटल्यावर मी लाकडे कोणत्या झाडाची आहेत ते ओळखायचा प्रयत्न करत होतो.

घरी परतलो तेव्हा दुपार कलली होती. उमावहिनी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. चूल थंड होती. मरण झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारी पिठलेभात आणून देतात, आग्रह करून दोन घास खायला लावतात. ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नाही त्याच्या घरीही आपल्याकडे पिठलेभात जातो. तुझ्या घरी तो आला नव्हता. मेहुणा म्हणाला की तो डोंबिवलीहून काही घेऊन येतो. गाडीला अवकाश होता.

तेव्हा मागच्या दाराने गोदाकाकू आल्या. विधवेचे तांबडे आलवण नेसलेल्या, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, हातात झाकलेली दोन पातेली. त्यांनी ती खाली ठेवली आणि धाप ओसरेपर्यंत उभ्या राहिल्या. उमावहिनी म्हणाल्या, "काकू, तुम्ही आत येऊ नका. तुम्हाला त्रास होईल." गोदाकाकू म्हणाल्या, "आले आहे आता."

मी विचारले की दाजीबांना ठाऊक आहे का. त्या म्हणाल्या की दाजीबा ओट्यावरच बसले होते. "विचारलं भावोजींनी, कुठे निघालात? सांगितलं, चूल पेटली नाही तिथे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, पण इतके सलग बोलताना त्यांना कधी ऐकले नव्हते. त्या म्हणाल्या की लंकेहून आलास त्या दिवशी तू स्टेशनावरून आधी घरी गेला नाहीस. त्यांच्या मागच्या अंगणात गेलास. त्या तुळशीशी होत्या. तू लांबच उभा राहिलास, कारण बोटीतून आला होतास, आणि सांगितलेस की केशव खुशाल आहे, जाडा झाला आहे, त्याला दोन मुली आहेत.

"मी काहीच विचारलं नाही," गोदाकाकू म्हणाल्या. "तुळशीला पाणी घालत राहिले. मग एवढंच तोंडातून गेलं, जेवलास का त्याच्याकडे? तर म्हणाला, काकू, पोटभर जेवलो. वालाचं बिरडं केलं होतं. त्यानं बायकोला शिकवलंय, वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून. मी म्हटलं, तिथे कोकम कुठलं? आंबट कशानं केलं? म्हणाला, कोकमासारखंच एक वाळवलेलं फळ असतं त्यांच्याकडे. नारळ मात्र आपल्यापेक्षा चांगला."

उमावहिनी त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांनाही हे तू सांगितले नव्हतेस.

"नंतर चार दिवसांनी सभा झाली," गोदाकाकू मला म्हणाल्या. "तिथे तो जेवलो नाही किंवा अजाणता जेवलो म्हणाला असता, तर मी खरं कोणतं धरायचं होतं?"

तू मला वर्षभर जे सांगितले नाहीस ते हे होते. का सांगितले नाहीस, हे आता विचारता येत नाही. मी ते छापीन अशी तुला धास्ती असेल. गोदाकाकूंचे नाव निघाले तर दाजीबा त्यांना घरात काय म्हणतील, याचा विचार असेल. हे दोन्ही माझे तर्क आहेत.

गोदाकाकूंनी पाने मागितली. उमावहिनींना उठू दिले नाही. फडताळातून केळीची पाने स्वतःच काढून पुसली, मेहुण्याला आणि मला समोर बसवले, उमावहिनींना भिंतीशी. भात वाढला, पिठले वाढले. उमावहिनी म्हणाल्या की घास जात नाही. गोदाकाकू म्हणाल्या, जावो न जावो, हात लाव. दुसऱ्याच्या घरी अन्न पोचवायला आलेली बाई वाढते आणि परत जाते, अशी रीत आहे. सुतकाच्या घरात ती बसत नाही. वाळीत टाकलेल्या घरात तर तिने उंबरा ओलांडायचा नसतो. हे गोदाकाकूंना आमच्यापेक्षा चांगले माहीत होते.

त्यांनी आणखी एक पान मांडले. उमावहिनींच्या शेजारी, त्याच ओळीत. त्याच्यावर भात वाढून घेतला, पानाला हात जोडले, आणि त्या जेवल्या.